बालवाडीत बाहुल्यांमधून मोठ्यांचं काम कसं दाखवायचं? माझा प्रयोग फसला, मदत हवी

तळमजल्यावरची ताई

नमस्कार मंडळी. पिंपळे सौदागरला माझी छोटी बालवाडी आहे, घराच्याच तळमजल्यावर. अठरा मुलं, वय तीन ते पाच. सात वर्षं झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच असा प्रश्न पडलाय की रात्री झोपताना पण तोच डोक्यात असतो, म्हणून इथे लिहितेय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात गोलात बसलो होतो. मी म्हटलं, "घरी कोण काय काम करतं ते बोलायचं नाही, नुसतं करून दाखवायचं." पहिल्या मुलाने दोन्ही हात पुढे धरून हवेत बोटं नाचवली. दुसऱ्यानेही तेच. आई काय करते? बोटं. बाबा काय करतात? बोटं, आणि मध्येच कानाला हात लावून "हॅलो, आवाज येतोय का?" अठरापैकी तेरा मुलांनी हेच केलं. मुलांचं काही चुकलं नाही, त्यांना जे दिसतं तेच त्यांनी दाखवलं.

मग एक मुलगी उठली. तिची आई आमच्याच सोसायटीत चार घरी स्वयंपाक करते, आणि सुट्टीच्या दिवशी ही तिच्याबरोबर असते. तिने मांडी घातली. हवेतल्या परातीत पीठ घेतलं, पाणी ओतलं, थोडंसंच, आणि मळायला लागली. बोटांना चिकटलेलं पीठ दुसऱ्या हाताने ओढून काढलं. गोळा तोडला, पिठात घोळवला, लाटायला घेतला. मध्येच उठून तव्यावर हात धरून तापलाय का ते बघून आली आणि परत येऊन लाटायला लागली. तीन-चार मिनिटं तरी चाललं असेल. वर्गात एवढी शांतता मी कधी ऐकलेली नाही. पोळी तव्यावर पडेपर्यंत निम्मी मुलं सरकत सरकत तिच्याभोवती जमली होती आणि एक जण म्हणाला, "मला पण गोळा दे."

त्या मुलांच्या डोळ्यांत काय होतं ते मला शब्दांत सांगता येणार नाही. भूक म्हणा हवं तर.

मी ठरवलं, बाहुल्या करायच्या. तीन रात्री जागून फेल्टच्या सहा हातबाहुल्या शिवल्या. पोस्टमनकाका, डॉक्टर, भाजीवाली मावशी, कंडक्टर, माळीदादा, शिंपीकाका. दोन खुर्च्यांना साडी बांधून पडदा केला. एकेक बाहुली वर यायची आणि सांगायची, "मी पोस्टमनकाका. मी तुमची पत्रं आणतो." पहिल्या दोघांना मुलांनी हात हलवून टाटा केला. चौथ्याला दोघं पाणी प्यायला उठली. शिंपीकाका आले तेव्हा समोर पाच जण उरले होते. खेळ संपल्यावर बाहुल्या मुलांच्या हातात दिल्या, तर पाच मिनिटांत डॉक्टर पोस्टमनला ढिशुम ढिशुम करत होते.

मला त्यांना सहा नावं पाठ करून द्यायची नाहीत. त्यांनी काम बघावं असं मला वाटतं. त्याला सुरुवात असते, मध्ये ते चुकतं, परत करावं लागतं, आणि शेवटी अशी एक गोष्ट तयार होते जी कुणाला तरी हवी असते. त्या मुलीने रिकाम्या हातांनी जे दाखवलं ते माझ्या सहा बाहुल्यांना का जमलं नाही? कुणी केलंय का हे? काय केलंत, कसं केलंत, अगदी बारीकसारीक सांगा.

राघवची आई

ताई, पोटतिडकीने लिहिलंय तुम्ही. माझा मुलगा चार वर्षांचा आहे. मला वाटतं खेळ लांबला असेल. एका दिवशी एकच बाहुली घ्या आणि प्रत्येकीला एक छोटं गाणं द्या, मुलं गाण्याला लगेच धरतात. कुंभाराचं चाक, विणकाम वगैरेचे व्हिडिओही छान असतात, ते आधी दाखवून मग बाहुली आणली तर?

तळमजल्यावरची ताई

एक बाहुली हे पटलं. व्हिडिओ मी दोनदा दाखवून पाहिले. चाकावर मडकं वर येताना बघून मुलं "वॉव" म्हणाली आणि लगेच "आता दुसरं लावा". मातीला हात लावावासा कुणालाच वाटला नाही. पोळीच्या वेळी मात्र सगळ्यांनाच गोळा हवा होता.

मंगळवेढ्याच्या माई

बाळ, तुझं लिहिणं दोनदा वाचलं. एकतीस वर्षं बालवाडी चालवली मी, मंगळवेढा तालुक्यात, आता घरीच असते. तुझं उत्तर तुझ्याच लिहिण्यात आहे. त्या मुलीने काम केलं आणि तुझ्या बाहुल्यांनी कामाबद्दल सांगितलं. तीन-चार वर्षांच्या मुलाला "मी पत्र आणतो" या वाक्यात काही दिसत नाही. त्याला हात दिसायला हवेत.

माझीही हीच चूक झाली होती. सुरुवातीला मी 'ज्वारीची गोष्ट' करायचे. आमचा भाग मालदांडीचा, म्हटलं मुलांना पेरणीपासून भाकरीपर्यंत सगळं दाखवू. शेतकरी बाहुली पेरायची, राखण करायची, काढणी, मळणी, उफणणी, मग जातं, मग चूल. पंधरा मिनिटांत चार महिने. गावातली मुलं, शेतं रोज बघणारी, तरी कंटाळायची. मला वाटायचं गोष्ट बरोबर आहे, मग अडतंय कुठे? एकदा एका मुलाने विचारलं, "बाई, तिने भाकरी केली कधी?" खरंच की. मी नुसतं म्हटलं होतं, "आणि मग आज्जीने भाकरी केली." जे मुलाला बघायचं होतं तेवढंच मी एका वाक्यात उरकलं होतं.

मग बाकी सगळं काढून टाकलं आणि फक्त भाकरी ठेवली. एक आज्जी, एक काठवट, एक भाकरी.

आता बाहुली. तुझ्या हातबाहुलीत अडचण अशी की तिला हात नसतात, दोन बोटांवर चढवलेल्या दोन फेल्टच्या पिशव्या असतात. त्या टाटा करू शकतात आणि मारू शकतात. म्हणून तुझे डॉक्टर मारामारी करत होते. मुलांनी त्या हातांना जे जमतं तेच केलं.

मी काय केलं ते सांगते. घरात तान्ह्या बाळाचं झबलं असतं ना, जुनं, मऊ झालेलं, ते घ्यायचं. पाठीमागची शिवण उसवायची आणि झबलं आपल्या छातीवर गळ्यात नाडीने बांधायचं. आपले दोन्ही हात मागून झबल्याच्या बाह्यांतून बाहेर काढायचे. बाह्या अरुंद वाटल्या तर कापून कापडाची पट्टी जोडायची. झाले बाहुलीचे हात, आणि ते खरे हात आहेत, त्यांना मळता येतं, शिवता येतं, शेंगा सोलता येतात. डोकं कागदाच्या लगद्याचं कर, लगद्यात थोडी मेथीची पूड घाल म्हणजे कीड लागत नाही. नाहीतर मोज्यात कापूस भर, तेही चालतं. नाक-डोळे अगदी थोडे काढ. हसरं तोंड काढू नकोस. हसरं तोंड काढलं की चुकल्यावरही बाहुली हसत बसते.

आणि मान सैल शिव. हे लक्षात ठेव. मान सैल असली की डोकं आपोआप पुढे झुकतं आणि बाहुली स्वतःच्या हातांकडे बघते. बाहुली हातांकडे बघते म्हणून मुलं हातांकडे बघतात. तुझे शिंपीकाका मुलांकडे बघत बोलत होते, मग मुलं कात्रीकडे कशाला बघतील?

आता भाकरी. काठवट समोर पाटावर ठेवायची. पीठ खरं, पाणी खरं. आधीच गरम करून कोमट केलेलं पाणी तांब्यात. आज्जी पीठ घेते, मध्ये आळं करते, पाणी घालते, तळहाताने रेटून रेटून मळते. मी बोलायची नाही. अगदीच बोलले तर एखादं वाक्य, "आज्जीला पीठ कोरडं वाटलं," आणि परत गप्प. थापायला घेतली की थप थप आवाज व्हायचा आणि मुलांचे हात मांडीवर आपोआप चालायला लागायचे. पहिली भाकरी मी मुद्दाम मोडू द्यायची. जुनं पीठ ठेवलेलं असायचं थोडं, विरी गेलेलं. ते थापलं की कडा चिरतात. आज्जी थांबायची. बघायची. गोळा करून परत मळायची. यात "अरेरे" नाही, "बघा मुलांनो" नाही. एका वर्षी एक पोरगी पुढे आली आणि आज्जीच्या कानात म्हणाली, "अजून थोडं पाणी लावा." बाहुलीच्या कानात, माझ्या नाही. मी मानेला हिसका देऊन आज्जीची मान हलवली आणि पाणी लावलं.

तव्याचं काम मात्र बाहुलीकडे द्यायचं नाही. झबलं आणि विस्तव जवळ येऊ द्यायचा नाही. आज्जी भाकरी ताटात ठेवायची, मी झबलं सोडायचे आणि मुलांपासून लांब, ओट्यावर भाजायचे. अठरा मुलांत एक भाकरी, एकेक घास. पण प्रत्येकाला मिळायलाच हवा. काम झालं आणि कुणाच्या तोंडात काहीच पडलं नाही तर गोष्ट अर्धी राहते.

एकच खेळ आठवडाभर रोज करायचा. मोठ्यांना कंटाळा येतो, मुलांना येत नाही. तिसऱ्या दिवसापासून त्यांना पुढचं माहीत असतं आणि खरी मजा तिथून सुरू होते. पाचव्या दिवशी पीठ मुलांना द्यायचं.

अजून एक सांगते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, म्हणून त्यांनी बालवाडीच पाड्यावर, घरांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथून आला. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाल्या, गुरं चरतात तिथेच शिक्षक जायचे. त्या मुलांना काम दाखवायची गरजच नव्हती, ती गळ्यापर्यंत कामात होती, त्यांना शाळा आणि खेळ हवा होता. तुझ्या मुलांचं अगदी उलट आहे. त्यांच्याकडे खेळणी ढिगाने आहेत, पण समोर बसून कुणी काही करताना त्यांना दिसत नाही. अनुताईंनी शाळा कुरणात नेली, तुला कुरण शाळेत आणावं लागेल. बाहुली त्यासाठी.

कुडाळकर गुरुजी

माईंनी लिहिलंय त्यात भर घालण्यासारखं थोडंच आहे. मी सिंधुदुर्गातला, प्राथमिक शाळेत शिक्षक. आमच्याकडे कुडाळजवळ पिंगुळी आहे. तिथल्या ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी या तिन्ही कला सांभाळल्या आहेत. सावंतवाडी संस्थानचा आश्रय होता त्यांना. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, त्यांनी स्वतःच्या गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलंय. सुट्टीत कोकणात आलात तर मुलांना घेऊन नक्की जा.

मी पहिली-दुसरीच्या मुलांना कळसूत्रीचा खेळ दाखवायला नेलं होतं. रामायणातला प्रसंग चालला होता, सगळी मुलं रंगली होती. एक मुलगा मात्र बाहुलीकडे बघतच नव्हता. तो मान वाकडी करून वर, दोऱ्या धरलेल्या बोटांकडे बघत होता. खेळ संपेपर्यंत. परतताना गाडीत त्याने आपल्या बुटाची नाडी सोडली, दोन्ही टोकं बोटांना बांधली आणि बूट चालवत आणला, थेट शाळेपर्यंत.

म्हणून तुम्हाला सांगावंसं वाटतं की तो साडीचा पडदा काढून टाका. कळसूत्रीला पडदा लागतो कारण तिथे राम-रावण उभे करायचे असतात. तुम्हाला काम दाखवायचं आहे, आणि मुलांसमोर घडणारं पहिलं काम तर तुमचंच आहे, बाहुली चालवण्याचं. ते लपवू नका. मुलांना तुम्ही दिसत असलात तरी ती बाहुलीशीच बोलतात, माईंच्या पोरीने आज्जीच्याच कानात सांगितलं ना.

दुसरं, चित्रकथीचा उपयोग करून बघा. चित्रकथीत सुट्या चित्रांची पोथी असते. कथेकरी एकेक चित्र समोर उभं करतो आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने कथा सांगतो. एक चित्र, त्यावर बराच वेळ, मग पुढचं. जे काम वर्गात करताच येत नाही त्याच्यासाठी ही रीत चांगली. आमच्याकडे मी रापणीची पोथी केली होती. किनाऱ्यावरून होडीने जाळं टाकत जाणं, दोन्हीकडून दोर ओढणं, मासे वेगळे करणं, वाटे घालणं. दहा चित्रं, मुलांनीच रंगवलेली. दोर ओढायचं चित्र आलं की मी खरा काथ्याचा दोर काढायचो आणि सगळा वर्ग मिळून ओढायचा. दुसरं टोक दाराच्या कडीला बांधलेलं असायचं. हाताला काथ्या टोचतो, ते त्यांच्या लक्षात राहिलंय. आता नववीत असलेली मुलं भेटली की विचारतात, "गुरुजी, दोर आहे का अजून?"

पंचगंगेकाठचा

इथे सहसा वाचतो, लिहीत नाही. पण हे वाचून राहवलं नाही.

ताई, तुमच्या सहा बाहुल्यांत शिंपीकाका आहेत. पुढे कुंभार येईल, मग चपला शिवणारा येईल. राग मानू नका, पण त्याआधी माझं ऐका.

माझे वडील चपला करायचे. कोल्हापुरी. लहानपणी आमच्या शाळेत 'आपले मदतनीस' असा तक्ता होता, सगळ्यांच्या शाळेत असतो तसा. बाईंनी छडी त्यातल्या एका चित्रावर ठेवली, जातीचं नाव घेतलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हे याच्या बाबांचं काम." वर्ग हसला. बाई वाईट नव्हत्या, त्यांना वाटलं माझं कौतुक करतोय. त्या दिवसानंतर मी दोन-तीन वर्षं वडिलांच्या शेजारी बसलो नाही. आधी रोज बसायचो.

त्या तक्त्यावर माणूस नव्हता, जात होती. आपल्याकडे कामाचं नाव घेतलं की त्याला जात चिकटून येते, बारा बलुतेदारांची यादी पाठ करून घेतली की आणखी घट्ट चिकटते. तुमच्या बाहुलीने ते करू नये, एवढीच विनंती.

काय करावं तेही सांगतो. नाव द्या. 'अमुक जातीचे काका' नको, 'बाळूकाका' म्हणा, आणि ते चपला करतात. त्यांना घर द्या, आवड द्या. उद्या त्याच बाळूकाकांना झाडाला पाणी घालताना दाखवा. भाकरी आज्जीनेच करावी असंही नाही, एखाद्या आठवड्यात आजोबा थापू देत.

आणि काम पूर्ण दाखवा, त्यातली अक्कल दाखवा. माझ्या वडिलांचं काम मी आता आठवतो तेव्हा मला हे दिसतं: बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं चामडं ते पाण्यात भिजवायचे, मग अंगठ्याने दाबून बघायचे. अजून नाही. परत पाण्यात. मी विचारायचो कधी होणार, ते म्हणायचे "ते सांगंल की." तळाला एकही खिळा नाही, सगळी शिलाई चामड्याच्या वादीने. आरीने भोक पाडायचं, वादीचं टोक ओठांनी ओलं करून आत घालायचं, ओढायचं. वेणी आई घालायची, बोटांची चाळवाचाळव दिसायची सुद्धा नाही. नवी चप्पल पायात घालून ते स्वतः चार पावलं चालायचे आणि करकर आवाज ऐकायचे. २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात आलं तेव्हा ते नव्हते.

तो अंगठा आणि ती चार पावलं दाखवणारी बाहुली माझ्या शाळेत असती तर मी उठून सांगितलं असतं की हे माझे बाबा आहेत.

मंगळवेढ्याच्या माई

दादा, तुमचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. माझ्याही बालवाडीत तो तक्ता होता. बरीच वर्षं होता. तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत.

हिंजवडीचा बाबा

मी त्या तेरा बोटं नाचवणाऱ्यांपैकी एकाचा बाबा असू शकतो. माझी मुलगी पण हेच करते, मी घरी बघितलंय. माझं काम खोटं नाही. रक्तपेढ्यांमध्ये कुठल्या गटाच्या किती पिशव्या शिल्लक आहेत याची नोंद ठेवणारी प्रणाली आम्ही सांभाळतो. ती बंद पडली तर खरंच कुणाचं तरी अडतं. पण मुलीला काय दिसतं? पाठ. हे बाहुलीतून दाखवता येईल का?

मंगळवेढ्याच्या माई

दाखवता येईल, पण आत्ता नको. तिला सात-आठ वर्षांची होऊ दे, मग तू स्वतःच सांग, तिला अभिमान वाटेल. आत्ता तिला कामाचा शेवट दिसायला हवा, आणि तुझ्या कामाचा शेवट कुठल्या तरी दवाखान्यात होतो, घरात होत नाही.

पण घरात तू काही तरी करत असशीलच ना? गळका नळ बसव, सायकलची साखळी चढव, कपड्यांच्या घड्या घाल. रविवारी एक काम काढ, तिच्यासमोर जमिनीवर बस आणि ते पूर्ण कर. समजावू नकोस. ती बघेल. वाटलं तर पाना धरायला सांग. पत्रं टाकणारी बाहुली बघण्यापेक्षा बाबाच्या हातात पाना बघणं शंभर पटीने चांगलं.

तळमजल्यावरची ताई

तीन आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचं वाचत होते, काही वाक्यं वहीत उतरवून घेतलीत.

भाकरी मी घेतली नाही. मला स्वतःला भाकरी नीट येत नाही आणि न येणारं काम बाहुलीला द्यायचं नाही असं ठरवलं. मला शिवण येतं. म्हणून बटण लावणं घेतलं. नुसतं एक बटण.

माझ्या भाच्याचं झबलं मिळालं. डोकं मोज्याचं केलं, मान सैल शिवली. पहिल्यांदा आरशासमोर बांधून बघितलं आणि माईंचं म्हणणं अक्षरशः खरं निघालं, हात हलवला की डोकं त्या हाताकडे झुकतं. नाव ठेवलं सुमनमावशी. पडदा नाही, मी पाटावर मांडी घालून, मुलं अर्धगोलात.

सुमनमावशीकडे एक सदरा आहे, वरून दुसरं बटण तुटलेलं. ती डबा उघडते. तो माझ्या आईचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे, त्यात तीसेक वर्षांची बटणं आहेत. ती एक बटण काढते, सदऱ्यावरच्या बटणाशेजारी धरते. मोठं आहे. परत ठेवते. दुसरं काढते. रंग वेगळा. तिसरं. हे मी आधी ठरवलं नव्हतं, खरंच जुळणारं सापडत नव्हतं. सातव्या बटणाला मुलांनी एकदम श्वास सोडला.

मग दोरा ओवणं. दोन हातांनी बाह्यांतून, सदरा मांडीवर, पहिल्यांदा दोऱ्याचं टोक फाकलं. पंचगंगेकाठचे दादा, तुमच्या वडिलांची वादी आठवली. टोक ओलं केलं, मावशीच्या तोंडाशी नेऊन. एक मुलगा म्हणाला, "माझी आजी पण असं करते." नंतर कळलं की ती गावाला असते आणि त्याने हे एकदाच, दिवाळीत पाहिलंय.

चार भोकं, वर, खाली, वर, खाली, मग बटणाच्या मुळाशी दोऱ्याचे तीन वेढे, गाठ, दाताने न तोडता कात्रीने कापणं. अकरा मिनिटं लागली. कुणी उठलं नाही. शेवटी सदरा कुणाचा ते कळायला हवं होतं, तर तो मी आमच्या वॉचमनकाकांचाच आणला होता, त्यांना विचारून. ते दाराशीच उभे होते. मावशीने सदरा त्यांच्या हातात दिला, त्यांनी बनियनवर तिथेच चढवला आणि ते बटण लावलं. बाकी काही बोलले नाहीत, नुसती बटणावरून बोटं फिरवली. मुलं त्यांच्या बोटांकडे बघत होती.

पाच दिवस हेच केलं. चौथ्या दिवशी मी वेढे घालायचे विसरले तर तिघं एकदम ओरडली, "मावशी, गोल गोल राहिलं!"

पोळीवाल्या मुलीबद्दल सांगायचं राहिलं. तिच्या आईला मी विचारलं होतं, एक दिवस येऊन पोळ्या करून दाखवाल का, पगार देईन त्या वेळेचा. त्या म्हणाल्या, "बाहुली नको बांधू ना मला?" म्हटलं, नाही, तुम्हीच या. परवा आल्या. मुलांनी त्यांना नावाने, कविताताई म्हणून हाक मारली. पोळ्या झाल्यावर त्यांची मुलगी लाटणं पुसून जागेवर ठेवून आली, कुणी न सांगता.

आता या आठवड्यात मुलांच्या हातात सुई द्यायची आहे. बोथट टोकाची, मोठ्या नाक्याची मिळाली आहे. कापड म्हणून गोणपाट घ्यावं असं वाटतंय, भोकं मोठी असतात. तांदळाचं रिकामं पोतं आहे घरात, खऱ्या तागाचं. माई, ते तसंच कापून दिलं तर चालेल का?

मंगळवेढ्याच्या माई

तसंच देऊ नकोस, कूस टोचते आणि धूळ उडते. दोनदा धू, दुसऱ्या पाण्यात जरा भाताची पेज घाल म्हणजे धागे सरकणार नाहीत. उन्हात पूर्ण वाळव. वीतभर चौकोन काप आणि कडा दुमडून तू शिवून दे. बटणं चार भोकांची नको, दोन भोकांची दे. आणि दोरा हातभरच, लांब दिलास तर गुंता सोडवण्यात सकाळ जाईल.